सीसीएनएचा पाच दिवसांचा बूटकॅम्प: पदरात काय पडतं, राहून काय जातं

सीसीएनए हे नेटवर्कची यंत्रं बनवणाऱ्या सिस्को कंपनीचं नेटवर्किंगमधलं प्रमाणपत्र. त्यासाठीचा सिस्कोचा अधिकृत कोर्स कागदावर पाच अधिक तीन असा आहे. पाच दिवस ट्रेनरसमोर, आणि तीन दिवसांचं काम ज्याचं त्याने करायचं. बूटकॅम्पच्या जाहिरातीत त्यातले पाचच शिल्लक राहतात. काही ठिकाणी उरलेले तीनही आत कोंबतात आणि सकाळपासून रात्रीपर्यंत बॅच चालवतात. हा आढावा या घाईच्या प्रकाराचाच आहे, कुठल्या एका क्लासचा नाही. विषयांचा क्रम आणि लॅब सगळीकडे थोड्याफार सारख्याच असतात. फरक पडतो तो ट्रेनरमुळे, आणि लॅबला खरोखर किती तास मिळतात त्यामुळे.

निकाल आधीच सांगून टाकतो. ज्याचं सबनेटिंग (मोठ्या नेटवर्कचे पत्ते छोट्या भागांत वाटणं) पक्कं आहे आणि ज्याने घरी पॅकेट ट्रेसरवर (नेटवर्कची नक्कल करणारं सिस्कोचं सॉफ्टवेअर) दोन-चार स्विच जोडून पाहिलेत, त्याला हे पाच दिवस फार कामाचे आहेत. सबनेट मास्क (पत्त्यातला किती भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा) म्हणजे काय हे ज्याला पहिल्या दिवशी दुपारी कळतं, तो तिसऱ्या दिवसापासून फक्त कमांड उतरवून घेत बसतो. सीसीएनएला बसायला औपचारिक पूर्वअट नाही, पण सिस्को स्वतः एखाद्या वर्षाचा अनुभव असावा असं सुचवते. ‘शून्यातून सीसीएनए, पाच दिवसांत’ अशी पाटी दिसली की ही शिफारस आठवावी.

परीक्षा २००-३०१ या क्रमांकाची. ती २४ फेब्रुवारी २०२० पासून सुरू झाली आणि २० ऑगस्ट २०२४ पासून तिची १.१ ही आवृत्ती लागू झाली. वेळ १२० मिनिटं. एकदा पुढे गेलं की मागच्या प्रश्नाकडे परतता येत नाही. गुणांची विभागणी अशी: नेटवर्कची मूलतत्त्वं २० टक्के, नेटवर्क अ‍ॅक्सेस म्हणजे मुख्यतः स्विचिंग आणि वायरलेस २० टक्के, आयपी कनेक्टिव्हिटी म्हणजे राउटिंग (एका नेटवर्कमधून दुसऱ्यात जायचा रस्ता ठरवणं) २५ टक्के, आयपी सर्व्हिसेस १०, सिक्युरिटी १५ आणि ऑटोमेशन १०. क्लासचं वेळापत्रक हातात आलं की ते या आकड्यांशेजारी ठेवून बघा. राउटिंगला अर्धा दिवस आणि ‘भविष्यातलं नेटवर्किंग’ या नावाखाली एक अख्खा दिवस असेल, तर वेळापत्रक ज्याने बनवलं त्याने परीक्षेचा आराखडा उघडून पाहिलेला नाही.

पहिला दिवस ओएसआयचे सात थर, टीसीपी-यूडीपी, इथरनेट, आयओएसची (सिस्कोच्या यंत्रांमधली ऑपरेटिंग सिस्टिम) ओळख आणि सबनेटिंग यांत जातो. सबनेटिंगला साधारण दोन तास मिळतात, आणि घोळ इथूनच सुरू होतो. दोन तासांत पद्धत समजते, पण हात बसत नाही. बरेच ट्रेनर बायनरीचा तक्ता काढून प्रत्येक पत्ता बत्तीस बिटांत मांडतात. एकदा समजून घ्यायला ते ठीकच आहे. परीक्षेत मात्र तेवढी सवड नसते, तिथे ब्लॉकच्या हिशेबाने जावं लागतं. उदाहरणार्थ १७२.१६.४५.२००/२१. एकवीस म्हणजे नेटवर्कचे २१ बिट, म्हणून मास्क २५५.२५५.२४८.०. तिसऱ्या आकड्यात २५६ वजा २४८, म्हणजे ८ ची उडी. ४५ च्या खालचा आठचा पाढा ४० वर थांबतो, पुढचा ४८. म्हणून नेटवर्क १७२.१६.४०.०, ब्रॉडकास्ट १७२.१६.४७.२५५ आणि वापरता येण्यासारखे पत्ते २०४६. एवढं अर्ध्या मिनिटात, कागदाला पेन न लावता जमलं पाहिजे. जमत नसेल तर बॅचची तारीख पुढे ढकला. यात लाजण्यासारखं काही नाही, पैसे वाचतात.

व्हीएलएसएमची (लहानमोठ्या आकाराची सबनेट पाडण्याची) परीक्षा घेणारा ट्रेनर मिळाला तर नशीब समजा. १९२.१६८.१०.०/२४ मधून ६०, २८, १२ आणि २ यंत्रांची चार नेटवर्कं काढायची असतील तर आधी सगळ्यात मोठं घ्यायचं: .०/२६, मग .६४/२७, मग .९६/२८ आणि शेवटी .११२/३०. छोट्यापासून सुरुवात करणारा अडकतो. दोनचं नेटवर्क .० वर टाकलं की साठच्या नेटवर्कला .६४ च्या सीमेवरच बसावं लागतं आणि मधली जागा तुकड्यातुकड्यांत उरते.

दुसऱ्या दिवसाचं स्विचिंग बहुतेक बूटकॅम्पमध्ये चांगलं होतं. व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळी पाडलेली नेटवर्कं), ट्रंक (अनेक व्हीलॅन वाहून नेणारा दुवा) आणि राउटर-ऑन-अ-स्टिक (एकाच दुव्यावरून व्हीलॅनांमध्ये राउटिंग) यांचा परिणाम लगेच डोळ्यांसमोर दिसतो, त्यामुळे वर्गही जागा राहतो. मात्र लॅबच्या पुस्तिकेत सगळं बरोबर चालणारंच दिलेलं असतं. ती नुसती टाइप करत गेलं तर दुपारपर्यंत बारा लॅब ‘पूर्ण’ होतात आणि हाती काही लागत नाही. चांगला ट्रेनर इथे मुद्दाम खोडी काढतो.

अशी एक खोडी जवळून पाहण्यासारखी आहे. दोन स्विचमधल्या ट्रंकवर १० आणि २० हे व्हीलॅन व्यवस्थित चालू आहेत. आता ३० जोडायचाय. विद्यार्थी लिहितो ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०’. मधला ‘अ‍ॅड’ हा शब्द राहून गेला. स्विच ना तक्रार करतो ना इशारा देतो. जुनी यादी पुसून नवी बसते, आणि १० व २० वरची सगळी यंत्रं त्याच क्षणी पलीकडच्या बाजूपासून तुटतात. कामाच्या ठिकाणी ही चूक झाली की फोन वाजायला लागतात, म्हणून ती वर्गातच झालेली बरी. मग ‘शो इंटरफेसेस ट्रंक’चं आउटपुट वाचायला शिकवायचं. त्यात चार तुकडे येतात आणि बहुतेक जण पहिलाच बघतात. दुसऱ्या तुकड्यात ट्रंकवर परवानगी असलेले व्हीलॅन असतात, तिसऱ्यात परवानगी असलेले आणि त्या स्विचवर प्रत्यक्ष चालू असलेले, चौथ्यात एसटीपीने (स्विचमध्ये माहिती गोल फिरत राहू नये म्हणून जादा रस्ते बंद ठेवणारी यंत्रणा) फॉरवर्ड करू दिलेले. व्हीलॅन दुसऱ्यात आहे पण तिसऱ्यात नाही, म्हणजे तो त्या स्विचवर तयारच केलेला नाही. तिसऱ्यात आहे पण चौथ्यात नाही, तर एसटीपीकडे वळा. एवढ्या एका आउटपुटवर पाऊण तास घालवणारा ट्रेनर पन्नास स्लाइड उडवणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त देऊन जातो.

एसटीपीबद्दल घाई होतेच. रूट ब्रिज (एसटीपी ज्याला केंद्र मानतं तो स्विच) कोण होईल हे गणित बोर्डावर सोडवतात. पण सगळ्या स्विचची प्रायॉरिटी मुळातली ३२७६८ अशीच ठेवली तर सगळ्यात कमी मॅक पत्त्याचा (यंत्राचा मुळातला हार्डवेअर पत्ता), म्हणजे बऱ्याचदा कोपऱ्यातला सगळ्यात जुना स्विच रूट होऊन बसतो, हे क्वचितच कुणी दाखवतं. पोर्टफास्टशिवाय (पोर्ट लगेच चालू करणारी सोय) जुन्या एसटीपीत पोर्टला लिसनिंग आणि लर्निंगचे १५-१५ सेकंद काढावे लागतात. केबल लावल्या लावल्या पिंग जात नाही म्हणून कॉन्फिग उपटणारे विद्यार्थी प्रत्येक बॅचमध्ये असतात. तसंच पिंगचा पहिला ठिपका आणि पुढे चार उद्गारचिन्हं: एआरपी (आयपीवरून मॅक पत्ता शोधणं) पूर्ण होईपर्यंत पहिलं पॅकेट पडलं, बाकी काही बिघडलेलं नाही. ईथरचॅनलमध्ये (अनेक केबलींचा मिळून एक दुवा) तो जुळवणाऱ्या एलएसीपी प्रोटोकॉलच्या दोन्ही टोकांना ‘पॅसिव्ह’ ठेवलं तर चॅनल बनत नाही. एकीकडे ‘ऑन’ आणि दुसरीकडे ‘अ‍ॅक्टिव्ह’ असेल तरी बनत नाही.

तिसरा दिवस राउटिंगचा. गुण इथेच सगळ्यात जास्त आहेत आणि गळतीही इथेच होते. ओएसपीएफची (राउटर एकमेकांना रस्ते कळवतात तो एक प्रोटोकॉल) कॉन्फिग चार ओळींची आहे, ती कुणालाही जमते. शिकायचं असतं ते शेजारचा राउटर का जुळत नाही हे. हॅलो-डेड टायमर वेगळे (इथरनेटवर नेहमीचे १० आणि ४० सेकंद), एरिया वेगळा, मास्क वेगळा, इंटरफेस चुकून पॅसिव्ह, दोन राउटरचा राउटर आयडी एकच. एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) जुळत नसेल तर शेजारी दिसतो, पण गाडी एक्स्टार्ट किंवा एक्सचेंज अवस्थेत अडकून राहते. याउलट एकाच इथरनेटवरचे दोन डीआर-अदर (मुख्य किंवा राखीव म्हणून न निवडलेले राउटर) एकमेकांशी टू-वे अवस्थेत थांबलेले दिसले तर तो बिघाड नाही, ते तसंच असायला हवं. हे न सांगता सोडलेला विद्यार्थी नसलेला रोग शोधत बसतो. कॉस्टचंही (रस्त्याचं मोल, कमी तो पसंत) तसंच. संदर्भ बँडविड्थ १०० मेगाबिटची असल्यामुळे फास्ट इथरनेट आणि गिगाबिट दोन्हींची कॉस्ट १ येते, आणि ओएसपीएफला दोन्ही रस्ते सारखेच वाटतात.

क्लास कुठला चांगला हे ओळखायला एकच प्रश्न पुरतो. डेमो लेक्चरला हा विचारा. राउटिंग टेबलमध्ये तीन ओळी आहेत: १०.१.०.०/१६ स्टॅटिक (हाताने लिहिलेली), १०.१.१.०/२४ ओएसपीएफने आलेली आणि १०.१.१.१२८/२५ आरआयपी या दुसऱ्या राउटिंग प्रोटोकॉलने आलेली. १०.१.१.१३० कडे जाणारं पॅकेट कुठल्या रस्त्याने जाईल? वर्गातले अर्धे जण स्टॅटिक म्हणतात, कारण स्टॅटिकचं अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स १, ओएसपीएफचं ११० आणि आरआयपीचं १२० हे (कमी आकड्याचा स्रोत जास्त भरवशाचा) त्यांना तोंडपाठ असतं. उत्तर आरआयपी. आधी सगळ्यात लांब जुळणारा प्रीफिक्स (तिरक्या रेघेपुढचा आकडा सगळ्यात मोठा तो) बघायचा. डिस्टन्सचा प्रश्न येतो तो एकच प्रीफिक्स दोन ठिकाणांहून शिकला गेला तर, आणि तोही रस्ता टेबलमध्ये शिरण्याआधी. ट्रेनरने हे नुसतं सांगून न थांबता लॅबमध्ये तिन्ही रस्ते उभे करून दाखवले, तर पुढे विचार करायची गरज नाही, नाव नोंदवा.

चौथ्या दिवशी एसीएल, नॅट, डीएचसीपी, एनटीपी, सिसलॉग, एसएनएमपी, क्यूओएस आणि एफएचआरपी एवढं सगळं भरलेलं असतं. तो दिवस डोक्यावरून जातो, यात विद्यार्थ्याचा दोष नाही. यातल्या दोन गोष्टी तरी हाताने झाल्याच पाहिजेत. पहिली एसीएल, म्हणजे कुणाला जाऊ द्यायचं आणि कुणाला नाही याची यादी. ‘परमिट १९२.१६८.१.०’ च्या पुढे वाइल्डकार्ड (मास्कच्या उलटं, शून्य तिथे जुळलंच पाहिजे) ०.०.०.२५५ ऐवजी सवयीने मास्क २५५.२५५.२५५.० लिहिला जातो. आयओएस ते निमूटपणे स्वीकारतं. पण त्याचा अर्थ होतो ‘पहिले तीन आकडे काहीही, शेवटचा शून्य’. कॉन्फिग परत वाचली तर तिथे ०.०.०.० २५५.२५५.२५५.० असं दिसतं. नेटवर्कमधलं एकही यंत्र त्यात सापडत नाही आणि शेवटच्या अदृश्य ‘डिनाय’ने सगळ्यांची वाट बंद होते. दुसरी नॅट, म्हणजे आतले पत्ते बाहेरच्या पत्त्यांत बदलणं. दोन पत्त्यांचा पूल केला आणि ‘ओव्हरलोड’ (एकच पत्ता अनेकांनी वापरायची सोय) लिहायचं राहिलं, तर पहिली दोन यंत्रं मजेत बाहेर जातात आणि तिसरं अडकतं. मग ‘दोघांचं चालतंय म्हणजे नॅट बरोबर आहे’ असा वाद सुरू होतो. डीएचसीपी (यंत्रांना आपोआप पत्ते देणारी सेवा) रिलेत, म्हणजे पत्त्याची मागणी दुसऱ्या नेटवर्कमधल्या सर्व्हरकडे पोहोचवताना, एक नियम लक्षात ठेवला की पुरे: हेल्पर अ‍ॅड्रेस क्लायंटचा ब्रॉडकास्ट ज्या इंटरफेसवर येतो तिथे लिहायचा, सर्व्हरच्या बाजूला नाही. क्लायंटला १६९.२५४ ने सुरू होणारा (सर्व्हर न सापडल्याने स्वतःच घेतलेला) पत्ता मिळाला तर रिलेची ओळ चुकीच्या जागी आहे का, हे आधी बघा.

पाचव्या दिवशी एसएसएच (दुरून सुरक्षित लॉगिन), पोर्ट सिक्युरिटी, डीएचसीपी स्नूपिंग, वायरलेस कंट्रोलर आणि ऑटोमेशन. एसएसएच सगळ्यांना सोपं वाटतं, आणि तरी राउटरचं नाव न बदलता आरएसए की बनवायला जाऊन लोक अडकतात. आधी होस्टनेम, मग डोमेन नेम, मग की (आवृत्ती २ साठी किमान ७६८ बिट, प्रत्यक्षात २०४८ घ्या), युजर, आणि व्हीटीवाय (दुरून लॉगिनच्या) लाइनवर ‘लॉगिन लोकल’ व ‘ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच’. पोर्ट सिक्युरिटीने बंद केलेला पोर्ट एर-डिसेबल्ड झाला की नुसतं ‘नो शटडाउन’ देऊन उठत नाही, आधी ‘शटडाउन’ द्यावं लागतं. वायरलेसची लॅब बहुतेक ठिकाणी कंट्रोलरच्या स्क्रीनचा फेरफटका असतो. डब्ल्यूपीए२ पीएसकेचं डब्ल्यूलॅन (पासवर्डचं वायरलेस नेटवर्क) स्वतःच्या हाताने एकदा बनवायला मिळतं का, तेवढं विचारा. ऑटोमेशनला १० टक्के गुण आहेत आणि त्यात कोड लिहायचा नसतो. जेसॉन (माहिती मांडायची एक पद्धत) वाचता आलं, रेस्ट एपीआयमधली क्रियापदं ओळखता आली आणि अ‍ॅन्सिबल व टेराफॉर्म कशासाठी हे सांगता आलं की भागतं. जुन्या आवृत्तीतल्या पपेट आणि शेफ या साधनांच्या स्लाइड अजून दाखवत असतील तर त्या क्लासने साहित्य २०२४ नंतर उघडलेलं नाही. एआयवरचा छोटा मुद्दाही १.१ मध्ये आलेला आहे.

आता लॅबच्या सामानाकडे. खरे राउटर-स्विच, दूरस्थ लॅब की पॅकेट ट्रेसर, यावर क्लासवाले खूप बोलतात. सीसीएनएपुरतं बोलायचं तर पॅकेट ट्रेसर जवळपास सगळीकडे पुरतं आणि ते फुकट मिळतं. त्यातल्या कमांड मात्र मोजक्या आहेत, एखादा ‘शो’ किंवा ‘डीबग’ त्यात नसतोच. खऱ्या यंत्राचा फायदा वेगळाच: कन्सोल केबल लावणं, टर्मिनलवर ९६०० ऐवजी भलताच वेग ठेवला की येणारी चित्रविचित्र अक्षरं, पोर्टचा नारिंगी दिवा. हे एकदा तरी पाहिलेलं असावं. जुन्या स्विचवर आणखी एक अडचण हमखास येते. आधीच्या बॅचने स्टार्टअप कॉन्फिग पुसलेली असते, पण व्हीलॅनची माहिती फ्लॅशमधल्या वेगळ्या फाइलमध्ये (व्हीलॅन डॉट डॅट) असते आणि ती तशीच राहते. स्विच रीलोड केला तरी भुतासारखे जुने व्हीलॅन परत येतात. ती फाइल वेगळी काढायला शिकवतात की ट्रेनर स्वतःच येऊन गुपचूप पुसून जातो, यावरून बरंच कळतं.

दूरस्थ लॅबमध्ये ब्राउझरमधून कन्सोल चालवताना लांबलचक कॉन्फिग एकदम पेस्ट करू नका. मधल्या ओळी गळतात आणि चूक तुमचीच वाटते. दहा-दहा ओळींनी टाका. आणि काहीही सुरू करण्याआधी ‘नो आयपी डोमेन-लुकअप’ लिहा. नाहीतर एखादी कमांड चुकीच्या स्पेलिंगने टाइप केली की राउटर तिला यंत्राचं नाव समजून शोधत बसतो आणि आपण स्क्रीनकडे बघत बसतो. तेवढ्यात सुटका हवी असेल तर कंट्रोल-शिफ्ट-६.

एका ट्रेनरमागे किती विद्यार्थी, हे नाव नोंदवताना विचाराच. दहा-बाराच्या पुढे गेलं की लॅबमध्ये अडलेल्याकडे ट्रेनर पोहोचेपर्यंत पुढची स्लाइड लागलेली असते. ऑनलाइन बॅचमध्ये हे जास्तच जाणवतं, कारण तिथे अडलेला विद्यार्थी गप्पच बसतो. लॅबला रोजच्या वेळेच्या निम्मा तरी वेळ असावा, आणि लॅबचा अ‍ॅक्सेस वर्ग संपल्यावर किमान महिनाभर चालू राहावा. शेवटच्या दिवशी रात्री लॅब बंद करणारा क्लास स्वस्त असला तरी महागात पडतो.

‘पासची हमी’ हा शब्द नीट वाचा. बहुतेक ठिकाणी तिचा अर्थ नापास झालात तर पुन्हा वर्गात बसायला मिळेल इतकाच असतो, परीक्षेची फी परत नाही. परीक्षेचं व्हाउचर शुल्कात धरलंय का आणि त्याची मुदत कधी संपते, हे लेखी घ्या. शेवटच्या संध्याकाळी ‘परीक्षेत येणारे प्रश्न’ म्हणून पीडीएफ वाटली जाते, ते डम्प, म्हणजे खऱ्या परीक्षेतून फोडलेले प्रश्न, असतात. ते सिस्कोच्या नियमांविरुद्ध आहेत आणि सापडलं तर प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं. शिवाय परीक्षेत चालू राउटरवर काम करायचे लॅबसारखे प्रश्नही येतात, तिथे घोकंपट्टी चालत नाही. या प्रश्नांमध्ये काम झाल्यावर कॉन्फिग सेव्ह करायला सांगितलेलं असेल तर ते करा. सगळं बरोबर करून सेव्ह न करता ‘नेक्स्ट’ दाबणारे कमी नाहीत, आणि मागे परतायची सोय नाही हे वर आलंच आहे.

बूटकॅम्पला जाण्याआधीचे तीन आठवडे असे घाला: रोज वीस सबनेट, आयपीव्ही६ च्या पत्त्यांचे प्रकार, आयओएसमधल्या मोडांमध्ये ये-जा, आणि पॅकेट ट्रेसरवर दोन स्विच एक राउटर एवढीच रचना पुन्हा पुन्हा. मग वर्गात वेळ शंकांवर जातो, ओळखीवर नाही. परीक्षेची तारीख वर्ग संपल्यावर तीन ते पाच आठवड्यांनी घ्या. दुसऱ्याच दिवशी घेतली तर पाचव्या दिवसाचं काहीच मुरलेलं नसतं, आणि दोन महिन्यांनी घेतली तर दुसऱ्या दिवसाचं विसरलेलं असतं. मधल्या काळात प्रत्येक लॅब पुस्तिका मिटून करा. मग जोडीदाराला ती बिघडवायला सांगा आणि ‘शो रनिंग-कॉन्फिग’ न वापरता दोष शोधा. सगळी कॉन्फिग वाचून चूक हुडकायची सवय लागली की परीक्षेत वेळ पुरत नाही.

नापास झालात तर पुढच्या प्रयत्नाआधी पाच दिवस थांबावं लागतं. निकालपत्रावर प्रत्येक विभागाची टक्केवारी वेगळी छापलेली असते. पुन्हा त्याच बूटकॅम्पला बसायचं फुकट आमंत्रण असेल तर त्या कागदावर ज्या विभागात मार खाल्लाय तेवढ्याच दिवसापुरते जा, आणि बाकीचे चार दिवस लॅबवर घालवा.